तीन पेट्रोनेला आणि एक सारा

अ‍ॅमस्टरडॅमच्या सेंट्रल स्टेशनातून बाहेर पडून पाणी ओलांडलं की डाव्या हाताला, दामराक या मोठ्या रस्त्याला समांतर, एक अरुंद गल्ली शिरते. तिचं नाव वार्मुसस्ट्राट. शहरातल्या सर्वांत जुन्या रस्त्यांपैकी हा एक. आज इथे पब आहेत, स्वस्त हॉटेलं आहेत, पर्यटकांना टी-शर्ट विकणारी दुकानं आहेत आणि मागच्या अंगाला लाल दिव्यांची वस्ती सुरू होते. १७व्या शतकात मात्र ही भारी कापडाची पेठ होती. रेशमाचा व्यापारी योहानेस ब्रांट इथलाच. १६८६ साली त्याने एका विधवेशी लग्न केलं. तिचं नाव पेट्रोनेला ओर्टमान, वय तिशीचं. घरात पैसा होता, नोकरचाकर होते, आणि पुढची वीस-पंचवीस वर्षं या बाईंनी एक दुसरंच घर मनासारखं सजवलं. त्या घराला नऊ खोल्या होत्या आणि ते सगळंच्या सगळं एका कपाटात मावत होतं.

ते कपाट आता वार्मुसस्ट्राटवर नाही. त्यासाठी २ नंबरची ट्राम पकडून शहराच्या दक्षिण टोकाकडे, राइक्सम्युझियमला जावं लागतं. ज्या पीएर काउपर्स या वास्तुरचनाकाराने स्टेशन बांधलं त्यानेच हे संग्रहालयही बांधलं, त्यामुळे लाल विटांचे मनोरे पाहून प्रवाशाला आपण फिरून स्टेशनावरच आलो की काय असं वाटतं. इमारतीच्या पोटातून सायकलींचा रस्ता जातो. दहा वर्षांच्या डागडुजीनंतर २०१३ मध्ये संग्रहालय पुन्हा उघडलं, तेव्हाही सायकलवाल्यांनी आपला हा हक्क सोडला नाही.

दुसऱ्या मजल्यावर गर्दीचा लोंढा एकाच दिशेने वाहतो. रेम्ब्रांटचं ‘नाइट वॉच’ तिकडे आहे. त्या लोंढ्यातून बाजूला झालं की पेट्रोनेलाचं कपाट दिसतं. उंची २ मीटर ५५ सेंटिमीटर, म्हणजे उंच माणसाच्याही डोक्यावरून दोन-अडीच फूट वर. रुंदी १ मीटर ९०. बाहेरून कासवाच्या कवचाचं आवरण आणि त्यात कथलाची नक्षी. दारं उघडली की आत बाहुल्यांचं तीन मजली घर.

किंमत ऐकून आजही माणसं दचकतात. या घरावर २० ते ३० हजार गिल्डर खर्च झाले असं सांगितलं जातं. त्या काळात एवढ्या पैशात कालव्याकाठी खरंखुरं घर जवळजवळ विकत मिळायचं. कुशल कारागीर वर्षभर राबून ३०० गिल्डरांच्या आसपास कमवायचा. पलीकडच्या दालनात ज्या चित्रासमोर खांद्याला खांदा लावून माणसं उभी आहेत, त्या ‘नाइट वॉच’साठी रेम्ब्रांटला १६४२ साली साधारण १६०० गिल्डर मिळाले होते. त्याच्या दहापटीहून जास्त पैसा बाहुल्यांच्या संसारात गेला. गर्दी मात्र अजून तिकडेच.

मग हे खेळणं होतं का? मुळीच नाही. ही भातुकली मुलींच्या हाती कधी जायचीच नव्हती. त्या काळात अ‍ॅमस्टरडॅमचे पैसेवाले पुरुष घरात ‘कलेचं कपाट’ बाळगायचे. त्यात शिंपले, नाणी, हस्तिदंती कोरीवकाम, पूर्वेकडून आलेल्या चिजा. पाहुणा आला की मालक एकेक खण ओढून दाखवायचा आणि वस्तूइतकीच स्वतःची रसिकताही मिरवायचा. श्रीमंत व्यापाऱ्यांच्या बायकांनी त्याच आकाराचं, त्याच लाकडाचं कपाट घेतलं आणि त्यात स्वतःच्या अधिकारातलं जग मांडलं. ते जग म्हणजे घर. हौस म्हणून सुरू झालेल्या या संग्रहांची पुढे मृत्युपत्रांत, याद्यांत, लिलावांत नोंद झाली, ती पुरुषांच्या संग्रहांची व्हावी तशीच.

बाहुल्यांची घरं जमवण्याची कल्पना डच लोकांची नव्हे. बव्हेरियाचा ड्यूक पाचवा आल्ब्रेख्त याने १५५७-५८ मध्ये असं एक घर करवून घेतलं होतं. म्युनिकच्या राजवाड्याला १६७४ मध्ये लागलेल्या आगीत ते गेलं. न्यूरेंबर्गमध्ये आना क्योफर्लिन नावाच्या बाईने १६३१ साली आपलं घर लोकांना पाहण्यासाठी खुलं केलं. मुलींनी घर कसं चालवावं हे शिकावं, असा तिचा हेतू होता. न्यूरेंबर्गची घरं बाहेरूनही घरासारखी दिसतात, छप्पर आणि खिडक्यांसकट. डच घरं बंद केली की नुसतं देखणं कपाट उरतं. शिकवणीचा सूर त्यांत नाही. आहे तो नेमकेपणाचा हट्ट.

तो हट्ट किती होता हे ओर्टमानबाईंच्या खोल्या सांगतात. चिनी मातीची इवलीशी भांडी त्यांनी थेट चीनमधून मागवली. डच ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं तेव्हा पूर्वेशी व्यापार करत होती. (याच कंपनीची एक वखार आपल्या वेंगुर्ल्याला होती, तिचे अवशेष आजही उभे आहेत.) सुतार, काच फुंकणारे, चांदीकाम करणारे, वेताच्या टोपल्या विणणारे अशा एकेका धंद्यातल्या माणसाला त्यांनी कामं दिली. खुर्ची बाहुलीच्या मापाची असली तरी ती खुर्चीच करणाऱ्याने करायची, टोपली बुरुडानेच विणायची. बैठकीच्या खोलीच्या भिंतींवर निकोलास पिमोंट या चित्रकाराने निसर्गचित्रं रंगवली आहेत. पाहणारा वाकून, डोळे बारीक करून पाहत राहतो, आणि हळूहळू लक्षात येतं की इथे ‘खोटं’ असं काही नाहीच. जे आहे ते खरंच आहे, फक्त लहान.

सगळ्यांत बोलकी खोली बाळंतिणीची. १७व्या शतकातल्या हॉलंडमध्ये बाळंतपण ही मिरवण्याची गोष्ट होती. बाई अंथरुणावर असतानाच शेजारणी-पाजारणी, नात्यातल्या बायका भेटायला यायच्या. म्हणून घरातलं उत्तम ते सामान त्या खोलीत मांडलेलं असे. वाइन, अंडी आणि मसाले घालून केलेलं कांडेल नावाचं पेय पाहुण्यांना दिलं जाई. अशा खोलीत वेताची दोन साधनं हमखास असायची. एक म्हणजे विस्तवाशेजारी ठेवायची बसकी, लांबट टोपली. बाळंतिणीची सेवा करणारी दाई तिच्यात पाय पसरून बसायची आणि बाळाला मांडीवर घेऊन शेकायची, गुंडाळायची. दुसरी म्हणजे निखाऱ्यांच्या भांड्यावर उपडी घालायची उभी टोपली, तिच्यावर बाळाचे कपडे वाळवायचे. मोठ्या मापातल्या अशा टोपल्या वापरून वापरून मोडल्या, शेवटी चुलीत गेल्या. बाहुल्यांच्या घरातल्या टिकल्या. त्या काळी दाई नेमकी कशी बसायची, हे समजून घ्यायला अभ्यासकांना या कपाटांसमोर यावं लागतं. बाळ झाल्यावर भेटायला येणाऱ्यांचं तोंड गोड करण्याची रीत डच लोकांनी अजून सोडलेली नाही. फक्त कांडेल मागे पडलं, आणि लोण्याच्या खरपूस टोस्टवर गुलाबी किंवा निळी साखरपाक चढवलेली बडीशेप भुरभुरून देतात.

माळ्यावर पाहावं तर दुसरा खजिना. तिथे कपडे वाळत घालायच्या दांड्या, घडीच्या चादरी आणि पीटचा साठा. पीट म्हणजे दलदलीतून काढून वाळवलेली माती. जळण म्हणून तीच वापरायची. कालव्याकाठच्या घरांच्या कपाळावर आजही लोखंडी आकडा लावलेली तुळई पुढे आलेली दिसते. पर्यटक तिचे फोटो काढतात, पण दोराने वर काय चढवत होते हे त्या फोटोत येत नाही. ते या माळ्यावर येतं. लिननच्या चादरी, टेबलावरची कापडं, हातरुमाल हे डच गृहिणीचं खरं धन होतं. मोठ्या घरात धुण्याचा मोठा घाट वर्षातून मोजक्याच वेळा घालायचे, म्हणजे तेवढ्या महिन्यांचं कापड घरात असणं आलंच. ज्या घरात सारखं धुणं निघतं ते गरीब, असा सरळ हिशेब. मग बाहुल्यांच्या घरात चादरींच्या घड्या इतक्या का, याचा उलगडा होतो.

या सगळ्या थाटात एक उणीव आहे. घर भरलेलं आहे, पण माणसं नाहीत. ओर्टमानबाईंच्या बाहुल्या काळाच्या ओघात जवळजवळ सगळ्या हरवल्या. त्या कशा होत्या हे ठाऊक आहे, कारण याकोब आपेल या चित्रकाराने १७१०च्या सुमारास या घराचं, म्हणजे कपाटाचंच, एक मोठं चित्र रंगवून ठेवलं. तेही राइक्सम्युझियममध्येच आहे. घराचं चित्र काढून घेण्याइतकं ते घर प्रसिद्ध होतं. चित्रात खोल्याखोल्यांतून माणसं वावरतात. बाळंतीण आहे, भेटायला आलेल्या बायका आहेत, मोलकरणी आहेत. चित्र आणि कपाट यांच्यात सारखी ये-जा करत राहणं हा तिथला सर्वांत रंजक उद्योग. कुठली खुर्ची जागेवर आहे आणि कुठली हलली, हे शोधण्यात वेळ कसा जातो कळत नाही.

इंग्रज लेखिका जेसी बर्टन हिला तिच्या ‘द मिनिएचरिस्ट’ या कादंबरीचं बीज याच कपाटासमोर मिळालं. २०१४ मध्ये आलेली ही कादंबरी खूप खपली, २०१७ मध्ये बीबीसीने तिच्यावर मालिका केली, आणि तेव्हापासून या दालनात येणाऱ्यांत तिच्या वाचकांची भर पडली. कादंबरीतल्या नायिकेचं नाव पेट्रोनेला ओर्टमान, नवऱ्याचं योहानेस ब्रांट. नावं तेवढी खरी, बाकी सगळं रचलेलं. कादंबरीतली नेला खेड्यातून आलेली कोवळी नवरी आहे. खरी पेट्रोनेला हे घर करायला बसली तेव्हा तिचं एक लग्न होऊन गेलं होतं आणि काय हवं, काय नको हे तिला पुरतं कळत होतं. कादंबरी वाचून इथे येणाऱ्याने हे ध्यानात ठेवलेलं बरं. नाहीतर कपाटात रहस्य शोधता शोधता सुताराचं काम पाहायचं राहून जातं.

त्याच संग्रहालयात दुसरी पेट्रोनेला आहे, पेट्रोनेला ड्युन्वा. तिचं घर ओर्टमानबाईंच्या घरापेक्षा जुनं आणि थोडं लहान. त्यातल्या एका टाचण्या खोचायच्या इवल्या उशीवर १६७६ हे साल आहे, त्यावरून घराचा काळ ठरतो. १६७७ मध्ये ड्युन्वाचं लायडनच्या पीटर फान ग्रूनेनडाइकशी लग्न झालं आणि हे कपाट तिच्याबरोबर सासरी गेलं. लग्नाच्या वेळच्या तिच्या चीजवस्तूंत त्याची नोंद आहे.

ड्युन्वाचं घर किमतीत मागे पडेल, पण तिच्याकडे बाहुल्या शिल्लक आहेत. मेणाचे चेहरे, मेणाचे हात, अंगावर खरे कपडे. यजमान, यजमानीण, मुलं, दाई, स्वयंपाकीण. प्रत्येकाचा पोशाख त्याच्या कामाप्रमाणे. आणि इथे संग्रहालयातला एरवीचा न्याय उलटा होतो. ३५० वर्षांपूर्वीचा जरीचा अंगरखा कुठल्याही मोठ्या संग्रहालयात सापडतो, कारण तो जपून ठेवायची रीतच होती. मोलकरणीचा रोजचा पोशाख मात्र कोण जपणार? तो विटेपर्यंत घालायचा, मग फाडून पोतेरं करायचं. बाहुलीच्या अंगावरचा पोशाख ना मळला, ना धुतला गेला, ना फाटला. त्यामुळे साध्या माणसांचे कपडे समजायला बाहुल्या हा मोठा आधार ठरतो. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने १९७४ मध्ये लोकांना आवाहन करून पैसा उभा केला आणि ‘लॉर्ड आणि लेडी क्लॅपहॅम’ ही १६९०च्या दशकातली लाकडी बाहुल्यांची जोडी विकत घेतली, ती याचसाठी. त्या जोडीजवळ आतल्या कपड्यांपासून घरात घालायच्या सैल झग्यापर्यंत अख्खा पेहराव आहे.

कापडाला उजेड हा वैरी. म्हणून जुन्या कापडावर साधारण ५० लक्सच्या वर प्रकाश पडू द्यायचा नाही, असा संग्रहालयांचा दंडक आहे. बाहुल्यांच्या दालनातला अंधार त्यामुळे आहे. बाहेरच्या लख्ख उन्हातून आलेल्या माणसाला आधी काहीच दिसत नाही. दोन मिनिटं थांबावं, डोळे सरावतात. फोटोसाठी फ्लॅश चालत नाही, आणि काचेतून चांगला फोटो येतही नाही.

पुढचं घर पाहायला हार्लेमला जायचं; अ‍ॅमस्टरडॅमहून आगगाडीने पाव तास. बँकेचं कार्ड फाटकाला टेकवलं की आत, उतरल्यावर पुन्हा टेकवलं की बाहेर. तिकिटाच्या रांगेची भानगड नाही. फक्त वार पाहून निघावं. राइक्सम्युझियम रोज उघडं असतं, पण हार्लेम, द हेग आणि युट्रेक्टची मोठी संग्रहालयं सोमवारी बंद असतात.

हार्लेमला येण्याआधी ओर्टमानबाईंच्या माळ्यावरच्या चादरी आठवणीत ठेवाव्यात. शहराबाहेर वाळूच्या टेकड्या आहेत, स्वच्छ पाणी आहे, आणि १७व्या शतकात इथल्या कुरणांवर लिननच्या लांबच लांब पट्ट्या उन्हात पसरून पांढऱ्या केल्या जात. हार्लेमचं हे ब्लीचिंग अख्ख्या युरोपात नावाजलेलं होतं. याकोब फान राउसडालने या कुरणांची चित्रं काढली. त्यांत वर ढगांनी भरलेलं प्रचंड आकाश आणि खाली गवतावर पांढऱ्या रेघा. त्या रेघा म्हणजे कापड.

इथलं फ्रान्स हाल्स म्युझियम म्हणजे एकेकाळचा वृद्धाश्रम. मध्ये चौक, भोवती बैठी घरं. फ्रान्स हाल्सने १६६४ च्या सुमारास याच वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापक बायकांचं समूहचित्र काढलं. काळे कपडे, पांढऱ्या कॉलरी, आणि हिशेबात एक पै इकडची तिकडे होऊ देणार नाहीत असे चेहरे. सारा रोथे या बाईंचं बाहुल्यांचं घर याच संग्रहालयाकडे असावं, हा योग मोठा जुळून आला आहे. कारण साराही त्याच पठडीतली.

सारा रोथे जन्मली १६९९ मध्ये, म्हणजे आधीच्या बायकांनंतरच्या पिढ्यांतली. नवरा याकोब प्लोस फान आम्स्टेल, अ‍ॅमस्टरडॅमचा व्यापारी. राहायला कालव्याकाठचं घर आणि उन्हाळ्यासाठी हार्लेमजवळ क्लाइन बेर्कनरोडे नावाची वाडी. १७४३ साली तिने लिलावात बाहुल्यांची तीन जुनी घरं एकदम विकत घेतली. त्यांतलं एक डेव्हिड फान डर प्लास या चित्रकाराची बायको कोर्नेलिया फान डर खोन हिचं होतं. साराने तिन्ही घरं मोडली. आतलं सामान निवडलं, पारखलं, यान मेयर नावाच्या सुताराकडून नवी कपाटं करून घेतली आणि तीन घरांतून दोन घरं उभी केली. एक आज हार्लेममध्ये आहे, दुसरं द हेगच्या कुन्स्टम्युझियममध्ये.

साराचं वेगळेपण यात, की ती नोंदी ठेवायची. काय घेतलं, कोणाकडून करवून घेतलं, कुठल्या खोलीत काय ठेवलं हे ती लिहीत गेली, आणि तिचं ते टिपण टिकलं. शिवणकाम, भरतकाम बरंचसं तिने स्वतः केलं. संग्राहकांचं एक जुनं दुखणं आहे: वस्तू राहते आणि तिची गोष्ट मालकाबरोबर जाते. ओर्टमानबाईंच्या घराबाबत अभ्यासकांना चित्रावरून, खुणांवरून अंदाज बांधावे लागतात. साराच्या बाबतीत कितीतरी ठिकाणी तिच्याच अक्षरात उत्तर लिहिलेलं आहे. कलासंग्रहाचा इतिहास लिहिताना राजेरजवाडे आणि बँकवाले यांची नावं पहिल्या ओळीत येतात. एवढ्या शिस्तीने संग्रह करणाऱ्या या बाईचं नाव त्यांत यायला काहीच हरकत नसावी.

चांदीच्या सामानाबद्दल इथे दोन शब्द. १८व्या शतकात अ‍ॅमस्टरडॅममध्ये बाहुल्यांच्या मापाची चांदीची भांडी करणं हा स्वतंत्र धंदा झाला होता. आर्नोल्डुस फान खेफेन हे त्यातलं मोठं नाव. चहाची किटली, मेणबत्तीची घरं, शेकोटीचे चिमटे, पक्ष्याचा पिंजरा, काय म्हणाल ते. मोठ्या भांड्यांप्रमाणे यांच्यावरही छाप असे. आज जगभरच्या लिलावांत ही भांडी सुटी सुटी विकली जातात आणि ज्या संसारातून आली त्याचं नावगाव सुटलेलं असतं.

हार्लेमहून द हेगकडे जाणारी गाडी वाटेत लायडनला थांबते. ड्युन्वाचं कपाट नवरीबरोबर आलं ते हे गाव. उतरायचं काही कारण नाही. कपाट कधीच अ‍ॅमस्टरडॅमला परतलं.

द हेगचं कुन्स्टम्युझियम ही बर्लाखे या वास्तुरचनाकाराची शेवटची मोठी इमारत. ती पूर्ण झालेली पाहायला तो उरला नाही; १९३४ मध्ये तो गेला आणि १९३५ मध्ये संग्रहालय उघडलं. पिवळ्या विटा, समोर तळी, आत भरपूर उजेड. लोक येतात ते चित्रकार मॉन्ड्रियानसाठी, त्याच्या ‘व्हिक्टरी बूगी वूगी’साठी. लाल-पिवळ्या-निळ्या चौकोनांतून निघून साराच्या दुसऱ्या कपाटासमोर आलं की क्षणभर डोळ्यांना ताळमेळ लागत नाही. इथली चिनी मातीच्या भांड्यांची खोली पाहण्यासारखी. श्रीमंत घरांतून तेव्हा अशा खोल्या असत, जमिनीपासून छतापर्यंत भांड्यांनी मढवलेल्या. साराच्या खोलीतली इवली भांडी चिनी मातीची वाटतात. दुधी काचेची आहेत ती. एवढ्या मापात आकार नीट यायला काच सोयीची, हे जाणत्या माणसाने ओळखलं होतं.

शहराच्या मध्यावर, तळ्याकाठच्या हागस हिस्टोरिस म्युझियममध्ये आणखी एक घर आहे, पण ते २०व्या शतकातलं. लिटा द रानिट्स या हेगच्या बाईंनी १९१०च्या सुमारास ते सजवलं. पीटचा माळा नाही, दाईची टोपली नाही. आहे ती त्या काळच्या हेगमधल्या उच्चभ्रू घराची रीतभात. पेट्रोनेलांच्या कपाटांनंतर हे घर पाहिलं की हौस तीच, पण तिच्यामागचा माज गेला आहे असं जाणवतं. हे घर आवडतं. आधीची दिपवतात.

शहराच्या टोकाला माडुरोडाम आहे, १९५२ पासूनचं, सगळा हॉलंड पंचवीसपट लहान करून उघड्यावर मांडलेला. मुलांना घेऊन येणारे तिकडे जातात. लहान मापाचा छंद एवढाच काय तो दुवा; विमानतळं आणि धरणं पाहून बाहुल्यांच्या संसाराबद्दल काही कळत नाही, तेव्हा वेळ कमी असेल तर सोडून द्यायला हरकत नाही.

युट्रेक्ट शेवटी ठेवावं. तिसरी पेट्रोनेला तिथे आहे, आणि चौघींत वयाने ती सर्वांत मोठी. पेट्रोनेला द ला कूर, जन्म १६२४. नवरा आदम ओर्टमान्स, अ‍ॅमस्टरडॅमचा बिअर गाळणारा. भट्टीचं नाव ‘हंस’. म्हणजे लग्नानंतर हीसुद्धा पेट्रोनेला ओर्टमान्सच झाली, आणि जुन्या कागदपत्रांत एका पेट्रोनेलाचं घर दुसरीच्या नावावर टाकायला भरपूर वाव मिळाला. १६७० ते १६९० या काळात तिने आपलं घर सजवलं. १८६६ मध्ये ते युट्रेक्टकडे आलं आणि आता सेंट्राल म्युझियममध्ये आहे. संग्रहालयाची इमारत म्हणजे जुना मठ, शहराच्या दक्षिण कडेला.

आकडे सांगायचे तर ११ खोल्या, २८ बाहुल्या आणि जवळपास १६०० वस्तू. चौघींच्या घरांत सर्वांत गजबजलेलं हेच. बाहुल्या जागेवर असल्यामुळे खोल्या कशा वापरल्या जात हे इथे पाहता येतं, तर्क करावा लागत नाही. ओर्टमानबाईंच्या रिकाम्या बैठकीत डोळा सामानावर फिरत राहतो. इथे तो माणसांवर जातो: कोण बसलं आहे, कोण उभं आहे, कोणाच्या हातात काय आहे. नोकरांची संख्या पाहिली की बिअरच्या धंद्यात किती पैसा होता तेही उमगतं.

द ला कूरबाई नावाजलेल्या चित्रसंग्राहक होत्या, आणि म्हणून त्यांच्या घरात अशी एक खोली आहे जी पाहताना थोडं हसू येतं आणि बरंच कौतुक वाटतं. ही खोली म्हणजे ‘कलेचं दालन’. पुरुष मंडळी ज्या कपाटात दुर्मीळ वस्तू ठेवायची, त्याच जातीच्या कपाटात बाईंनी बाहुल्यांचं घर मांडलं, आणि त्या घरात बाहुल्यांसाठी पुन्हा एक कलादालन केलं. भिंतीवरची चित्रंही कोणा हौशी माणसाची नव्हेत. फ्रेडरिक द मूशरोन याच्यासारख्या त्या काळच्या नामवंत चित्रकारांनी या घरासाठी हात चालवला आहे. तळहाताहून लहान फळीवर निसर्गचित्र काढताना त्यांनी बाईंकडून किती पैसे मागितले असतील, हा विचार पाहणाऱ्याच्या मनात येतोच. वरच्या चौकटीत माळा, खालच्या बाजूला स्वयंपाकघर आणि बाग अशी सगळी जुळणी एकदम डोळ्यांत मावत नाही. एक खोली धरावी, ती पुरी करावी, मग पुढची. वाचायची पोथी समजून वरून डावीकडून सुरुवात केलेली बरी.

रस्त्याच्या पलीकडे याच संग्रहालयाचा दुसरा भाग आहे, नाइन्ट्ये म्युझियम. डिक ब्रुना हा युट्रेक्टचाच, आणि १९५५ मध्ये त्याने काढलेली नाइन्ट्ये ही सशाची पोर जगभर मिफी म्हणून ओळखली जाते. दोन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी तिथे खोल्या केल्या आहेत. नाइन्ट्येचं घर आहे, डॉक्टरांचा दवाखाना आहे, आणि प्रत्येक गोष्टीला हात लावायची, ती उचलायची, उलटीपालटी करायची मुभा आहे. तिथे जायचं तर वेळ आधी राखून ठेवावी लागते. पेट्रोनेला द ला कूरच्या कपाटासमोर बहुधा जागा मिळते.